आकाशातलं दुसरं विमान वेळेत कसं बघायचं आणि कसं चुकवायचं

सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, ‘वळण्याआधी काय करतोस?’ उत्तर तयार असतं: ‘लुकआउट, सर.’ मग हवेत तो मान झटकन डावीकडे, झटकन उजवीकडे फिरवतो, ‘क्लिअर लेफ्ट, क्लिअर राइट’ म्हणतो आणि विमान वाकवतो. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांनी जवळपास काहीच टिपलेलं नसतं. डोळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो तेव्हा मधलं चित्र मेंदूपर्यंत धड पोचत नाही, आणि मधली जागा आपण निळं आकाश समजून सोडून देतो.

लुकआउट, म्हणजे दुसऱ्या विमानांसाठी आकाश न्याहाळणं, ही एक कृती आहे आणि तिला क्रम आहे. क्रम चुकला की कितीही सावध असलात तरी उपयोग नाही. खालचं सगळं सेस्ना १५२ आणि १७२, पायपर, डायमंड, टेक्नाम अशा छोट्या विमानांवरच्या दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर नजरेने बघत करायच्या) उड्डाणासाठी आहे. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाला शिकणाऱ्यांसाठी, आणि लायसन्ससाठी कॅनडा, अमेरिका, दक्षिण आफ्रिकेला गेलेल्यांसाठीही. कोणी कोणाला वाट द्यायची याचे मूळ नियम सगळीकडे सारखेच आहेत, कारण ते आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दुसऱ्या परिशिष्टातून आलेले आहेत.

## आधी साडेबारा सेकंदांचा हिशेब

अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, एक हिशेब मांडलेला आहे. समोर काहीतरी दिसणं ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखणं १ सेकंद, ते आपल्यावरच येतंय हे उमगणं ५ सेकंद, कुठे वळायचं ते ठरवणं ४ सेकंद, हाताची हालचाल ०.४ सेकंद आणि विमानाने प्रत्यक्ष दिशा बदलणं २ सेकंद. बेरीज १२.५ सेकंद.

समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी १०० नॉटने (ताशी १०० सागरी मैलांनी) उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने कमी होतं. म्हणजे साडेबारा सेकंदांत जवळपास १,३०० मीटर. दुसरं विमान त्याहून जवळ आल्यावर पहिल्यांदा दिसलं, तर पुढचं बरंचसं नशिबावर आहे.

१,३०० मीटरवरून सेस्ना १७२ केवढं दिसतं? त्याच्या पंखांचा विस्तार ११ मीटर. हात पूर्ण ताणून चिमटीत साबुदाण्याचा दाणा धरा. साधारण तेवढी रुंदी. त्यातही पंख म्हणजे नुसती आडवी रेघ, आणि मधलं धड जेमतेम ठिपक्याएवढं. शिवाय अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो. त्यामुळे बराच वेळ ठिपका ठिपकाच राहतो आणि अगदी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत काच भरून टाकतो. ‘मोठं दिसायला लागलं की बघू’ असं म्हणणाऱ्याच्या हातात वेळ उरत नाही.

आता याच्याशी किमान दृश्यमानता ताडून पाहा. आपल्याकडे १०,००० फुटांखाली व्हीएफआरसाठी ५ किलोमीटर लागतात. कायदेशीर किमान हवामानात, डोळे अगदी योग्य जागी रोखलेले असतानासुद्धा समोरचं विमान धुरक्यातून बाहेर पडल्यापासून तुमच्याकडे जेमतेम ४८ सेकंद असतात. त्यातली दहा सेकंद टॅब्लेटवर गेली तर काय उरलं ते मोजा.

## टप्पा १: इंजिन सुरू करण्याआधी

काच. पुढच्या काचेवर मेलेल्या किड्याचा डाग आणि दोन किलोमीटरवरचं विमान सारखंच दिसतं. काच ॲक्रिलिकची असते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ सुती कापडाने वर-खाली पुसा. गोल-गोल घासलं की चक्राकार ओरखडे उठतात आणि सूर्य समोर आला की सगळी काच पांढरी होते. घरातला अमोनियावाला ग्लास क्लीनर वापरू नका, त्याने ॲक्रिलिक खराब होतं.

सीट. दर उड्डाणाला डोळ्यांची उंची एकच ठेवा. वर पंख असलेल्या विमानात सीट फार उंच केली तर पंखाच्या मुळाने बाजूचं आकाश झाकलं जातं, फार खाली केली तर नाकापुढचं. बुटक्या मुलामुलींनी उशी नेण्यात काही कमीपणा नाही.

चष्मा. मेडिकलमध्ये चष्म्याची अट असेल तर तो लावायचाच आणि दुसरा जवळ ठेवायचा. गॉगल पोलराइज्ड नको. दुसऱ्या विमानाच्या पत्र्यावरून चमकणारं ऊन त्यात मरतं, आणि लांबवर आपल्याला सगळ्यात आधी दिसते ती चमकच. काही स्क्रीनही त्यातून काळ्या दिसतात. जाड, रुंद काड्यांची फ्रेमही टाळा.

कागद. फ्रिक्वेन्सी, हेडिंग (नाकाची दिशा), वेळा नी-बोर्डवर, म्हणजे मांडीवरच्या पाटीवर, आधीच लिहून घ्या. जमिनीवर केलेल्या पाच मिनिटांच्या कामामुळे हवेत तेवढीच पाच मिनिटं डोळे बाहेर राहतात.

आज हवेत कोण आहे? फ्लाइंग बोर्ड वाचा. किती विमानं बाहेर आहेत, कोण कुठल्या सेक्टरमध्ये (सरावाच्या ठरलेल्या भागात), कोण पहिल्या सोलोवर. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) बघा. पुण्याच्या बाजूला जाणार असाल तर हडपसरचे ग्लायडर आणि कामशेतचे पॅराग्लायडर लक्षात ठेवा. दोन्हींना इंजिन नाही, आणि वाट देण्याची जबाबदारी तुमची.

अल्टिमीटर. याला लुकआउटचा भाग कोणी मानत नाही, पण तो आहे. पावसाळ्यात आपल्याकडे क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) बऱ्याचदा १,००३ च्या आसपास असतो. सबस्केलवर, म्हणजे अल्टिमीटरच्या दाब लावायच्या खिडकीत, १,०१३ तसाच राहिला तर १० हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे २७० ते ३०० फूट. तुम्हाला वाटतं आपण ३,५०० वर आहोत, असता ३,२०० वर. मग रेडिओवर सांगितलेली उंची ऐकून दुसरा वैमानिक तुम्हाला चुकीच्या जागी शोधत बसतो.

> तपासा: बीकन चालू. स्ट्रोब आणि लँडिंग लाइट रनवेवर जाताना चालू, आणि सर्किटमध्ये (उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायच्या चौकोनी फेरीत) दिवसाही चालूच. ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) ‘ऑन’वर नाही, ‘एएलटी’वर. नुसत्या ‘ऑन’वर तुमची उंची रडारला आणि दुसऱ्याच्या टीकॅसला (टक्कर टाळायला सांगणाऱ्या यंत्राला) कळत नाही, आणि उंची न कळल्यामुळे टीकॅस त्या वैमानिकाला ‘चढ’ किंवा ‘उतर’ असा सल्ला देऊ शकत नाही.

## टप्पा २: आपल्या विमानाच्या आंधळ्या जागा ओळखा

हे एकदाच करायचं असतं आणि जवळपास कोणी करत नाही. विमान उभं असताना आत बसा. मित्राला बाहेर विमानाभोवती चालायला सांगा. तो कुठे कुठे दिसेनासा होतो ते कागदावर काढा. दरवाजाच्या खांबामागे, पंखाखाली, नाकापुढे, शेपटीकडे.

वर पंख असलेल्या सेस्नाला वरचं दिसत नाही, आणि वळताना खाली गेलेला पंख नेमकं वळणाच्या आतलं आकाश झाकतो, म्हणजे तुम्ही जिकडे चाललात तेच. खाली पंख असलेल्या पायपरला किंवा डायमंडला खालचं दिसत नाही, आणि वळणात वर उठलेला पंख बाहेरची बाजू झाकतो. या दोन जाती फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात) एकत्र आल्या की काय होतं ते सर्किटच्या टप्प्यात येईल.

खांबाची गंमत वेगळीच आहे. प्रत्येक डोळ्यात, दृष्टीच्या मध्यापासून साधारण १५ अंश कानाच्या बाजूला, एक आंधळा ठिपका असतो. एरवी दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. पण दुसऱ्या डोळ्यासमोर खांब आला तर ती जागा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही आणि दिसत नाहीये हे कळतही नाही. उपाय साधा आहे. डोळ्यांबरोबर डोकंही हलवा. खांबाच्या अलीकडून बघा, पुढे वाका, पलीकडून बघा.

## टप्पा ३: स्कॅन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

१. आधी डोळे लांब नेऊन टेकवा. कोऱ्या निळ्या आकाशात किंवा एकसारख्या धुरक्यात डोळ्याला धरायला काही सापडत नाही, आणि तो आपोआप जवळच्याच, काही फुटांवरच्या अंतरावर स्थिरावतो. मग लांबचं विमान समोर असूनही उमटत नाही. पॅनेलवरून नजर उचलली की पहिल्यांदा लांबची डोंगररांग, ढगाची कड, धरणाचं पाणी, काहीतरी ठाम बघा. मग आकाशाकडे वळा.

२. आकाशाचे तुकडे करा. एका तुकड्याची रुंदी १० अंशांहून जास्त नको. हात ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश असते. बारीक ठिपका ओळखण्याची ताकद डोळ्याच्या अगदी मध्यभागीच असते, कडेच्या नजरेने तो दिसत नाही.

३. प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद थांबा. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं. मनात ‘एक हजार एक’ म्हणा, मग पुढचा तुकडा.

४. वर-खालीही बघा. क्षितिजाच्या १० अंश वर आणि १० अंश खाली. नवशिक्याची नजर क्षितिजाच्या रेषेवरच सरकते, आणि चढत किंवा उतरत येणारं विमान त्या रेषेवर नसतं.

५. आत तीन-चार सेकंद, बाहेर सोळा-अठरा. पॅनेलवर एका वेळी एक-दोनच गोष्टी बघा. वेग आणि उंची. बाहेर. मग इंजिनाची घड्याळं. बाहेर.

आता एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. डाव्या पंखापासून उजव्या पंखापर्यंत १८० अंश होतात. दहा-दहाचे १८ तुकडे, एकेका सेकंदाचे, म्हणजे एक फेरीच १८ सेकंदांची. तेवढ्यात समोरचं विमान १,८०० मीटरहून जास्त जवळ आलेलं असतं. शिवाय वर-खालीही बघायचंय. म्हणून सगळं आकाश सारखं वाटू नका. सरळ उडताना नाकाच्या दोन्ही बाजूंना ६० अंश, एवढ्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा या, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पंखांच्या टोकापर्यंत जा. उत्तम स्कॅन करूनही काहीतरी सुटणार हे गृहीत धरा. रेडिओ, दिवे, योग्य उंची हे सगळं त्या सुटलेल्यासाठी आहे.

> तपासा: मागे बसलेल्या मित्राला किंवा इन्स्ट्रक्टरला घड्याळ लावून तुमचे डोळे आत किती वेळ असतात ते मोजायला सांगा. काचेच्या पॅनेलवर शिकलेल्यांचा आकडा बहुतेक वेळा लाजिरवाणा निघतो.

## टप्पा ४: दिसलं, धोक्याचं आहे का?

आपली नजर हलणाऱ्या गोष्टीकडे ओढली जाते. ज्या विमानाची आपल्याशी टक्कर होणार आहे ते मात्र काचेवर हलतच नाही. दोघंही सरळ आणि ठरल्या वेगाने उडत असतील, तर ते काचेच्या एकाच जागी चिकटल्यासारखं राहतं आणि फक्त मोठं होत जातं. लुकआउटमधलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर ते हे.

परीक्षा अशी घ्या. हेडिंग धरा, डोकं स्थिर ठेवा, काचेवरचा एखादा ओरखडा किंवा खांबाची कड खूण म्हणून घ्या आणि तीन-चार सेकंद बघा.

- ठिपका तुमच्या नाकाच्या दिशेने सरकतोय: ते तुमच्या पुढून जाईल.
- शेपटीच्या दिशेने सरकतोय: मागून जाईल.
- जागचा हलत नाही: काहीतरी बदला. आत्ताच.

उंचीसाठी क्षितिज वापरा. विमान क्षितिजाच्या वर दिसलं तर ते तुमच्याहून उंच, खाली दिसलं तर खाली, क्षितिजावर असेल तर तुमच्याच उंचीला. सह्याद्रीजवळ डोंगराची कड हे क्षितिज नव्हे, ती खऱ्या क्षितिजाच्या वर असते. हिवाळ्यातल्या सकाळी धुरक्याचा थर खोटं क्षितिज तयार करतो, तिथेही फसगत होते.

डाग की विमान, असा प्रश्न पडला तर डोकं इंचभर बाजूला घ्या. काचेवरचा डाग मागच्या ढगापुढून सरकेल, विमान सरकणार नाही. घार असेल तर ती गोल फिरताना पंखांचा आकार बदलत राहते. घार अगदी समोर आली तर शक्यतो वर चढा, पक्षी सहसा खाली बुडी मारतात.

> इशारा: ‘सरकतोय म्हणजे सुरक्षित’ हा नियम दोघंही सरळ उडत असतानाच खरा. सर्किटमध्ये समोरचा कधीही वळतो. आत्ता मागे सरकणारा ठिपका बेसला (फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूला) वळला की तुमच्यावरच येतो. वळणाऱ्या विमानावरून नजर काढायची नाही.

## टप्पा ५: चुकवणं

नियम आधी, कारण ते हवेत आठवत बसायला वेळ नसतो.

- समोरासमोर: दोघांनीही उजवीकडे वळायचं.
- एकमेकांचा मार्ग छेदत येताना: ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची, आणि शक्यतो मागून जायचं.
- मागून गाठताना: पुढच्याचा हक्क. मागच्याने उजवीकडून, अंतर ठेवून पुढे जायचं.
- उतरताना: खाली असलेल्याचा हक्क. पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. विद्यार्थी हे दुसरं वाक्य नेहमी विसरतात.
- प्रकारानुसार: इंजिनवाल्या विमानाने ग्लायडर, बलून, एअरशिप आणि ग्लायडर ओढून नेणारं विमान यांना वाट द्यायची.

आणीबाणीत असलेल्या विमानापुढे वरचा कुठलाही हक्क चालत नाही.

हक्क तुमचा असला तरी टक्कर टाळायची जबाबदारी तुमच्यावरून उतरत नाही. समोरच्याने तुम्हाला पाहिलंच नाहीये असं धरून चाला. तो वळेल म्हणून वाट बघण्यात साडेबारातले सेकंद जातात.

कृतीचा क्रम असा:

१. नजर त्या विमानावरच ठेवा.
२. ते ज्या बाजूने झाकलं जाणार नाही अशी हालचाल निवडा. सेस्नामध्ये उजवीकडच्या विमानासाठी उजवीकडे वाकलात तर खाली गेलेला पंख त्यालाच झाकतो. त्याच्या मागून जायला तरीही तसंच वळावं लागत असेल, तर वळण लवकर सुरू करा, तिरप कमी ठेवा आणि मध्येच पंख उचलून ते पुन्हा शोधा.
३. दिशेबरोबर उंचीही बदला. ते क्षितिजाच्या वर असेल तर खाली, खाली असेल तर वर.
४. टळल्यावर लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. मागे दुसरं विमान असू शकतं. एका विमानाकडे डोळे लावून बसलेल्याला दुसरं दिसत नाही. पूर्ण स्कॅन करा, मग हेडिंगवर परत या.

> इशारा: बेस किंवा फायनलवर वेग ६०-७० नॉट असतो, उंची काहीशे फूट. तिथे घाबरून एकदम तीव्र वळण घेतलं तर दुसऱ्या विमानाआधी स्टॉल (पंखांची उचल तुटणं) गाठतो. आधी पूर्ण पॉवर, मग बेताचं वळण आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढणं.

## टप्पा ६: सर्किट

हवेतल्या टकरी ढगांत आणि वादळात होतात अशी समजूत आहे. छोट्या विमानांच्या बाबतीत उलट आहे. बहुतेक टकरी लख्ख दिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाजवळ आणि कमी उंचीवर होतात, आणि त्यातल्या बऱ्याच मागून गाठताना होतात. जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाखजवळ एकाच शाळेची दोन सेस्ना विमानं उतरण्याच्या सरावात धडकली. दोन्ही विद्यार्थी गेले, त्यांतला एक भारतीय होता.

सर्किटमध्ये शिरण्याआधी. फ्रिक्वेन्सी आणि आवाज दोन्ही तपासा. पूर्ण शांतता ऐकू येत असेल तर आधी स्वतःच्या रेडिओवर संशय घ्या. मग फक्त ऐका आणि कोण कुठे आहे याचं चित्र मनात मांडा. ठरलेल्या उंचीला आल्यावरच आत शिरा. सर्किटमध्ये वरून उतरत शिरणं ही वाईट सवय आहे, कारण तुमच्या पोटाखाली कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही.

रेडिओ. जिथे टॉवर नाही तिथे चार गोष्टी सांगायच्या. कोण, कुठे, किती उंचीवर, काय करणार. ‘ट्रॅफिक, अल्फा ब्राव्हो चार्ली, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू सेव्हन, वन थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, टच अँड गो.’ कॉल त्या जागी असताना द्या. दोन मैल आधी ‘डाउनविंड’ (धावपट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू) म्हणून मोकळं होणाऱ्यामुळे बाकीचे त्याला रिकाम्या आकाशात शोधतात. आणि ‘ट्रॅफिक इन साइट’ फक्त दिसल्यावरच म्हणायचं. ‘तोच असेल’ असं वाटून म्हटलेलं ‘इन साइट’ माझ्या मते कॉल न देण्याहून वाईट. दुसरा निश्चिंत होतो आणि तुम्ही तिसऱ्याच विमानामागे जात असता. दिसत नसेल तर ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट, लुकिंग’ म्हणा आणि बेसला वळू नका.

डाउनविंडवर. पुढचं विमान शोधा आणि त्याला नजरेत ठेवा. अंतर कमी होत असेल तर वेग कमी करा किंवा डाउनविंड लांबवा. तुमचं विमान जास्त वेगाचं असेल तर हे काम तुमचं.

बेसला वळण्याआधी. सेस्नात असाल तर आधी डावा पंख थोडा उचला, आतलं आकाश बघा, मग वाका. डाव्या सर्किटमध्ये बेसवर असताना लाँग फायनलचं विमान उजवीकडून येतं, आणि फायनलला वळताना तुम्ही त्याच्याकडे पाठ करता. म्हणून वळण सुरू करण्याआधी उजवीकडे दोन पूर्ण तुकडे बघा, वर आणि खाली. मग समोर. कोणीतरी चुकून उजव्या सर्किटने तुमच्यासमोरच बेसवर येत असतं.

फायनलवर. मघाची गोष्ट इथे येते. वर पायपर, खाली सेस्ना. पायपरच्या वैमानिकाला खालचं दिसत नाही, सेस्नाच्या वैमानिकाला वरचं. दोघंही एकाच उंबरठ्याकडे बघत उतरतात. दोघांनाही बाहेर बघूनसुद्धा काही दिसत नाही, तिथे रेडिओच वाचवतो. ‘फायनल’चा कॉल ऐकला, तुम्हीही फायनलवर आहात आणि तो दिसत नाहीये, तर वाद घालत बसू नका. धावपट्टीच्या रेषेतून बाजूला सरका आणि गो-अराउंड करा. सरकताना रेषेपासून दूर, ठरलेल्या बाजूला. जागेवरच चढू नका, तो वर असू शकतो.

## टप्पा ७: चढताना, उतरताना, सेक्टरमध्ये

चढताना नाक समोरचं आकाश झाकतं. दर काहीशे फुटांनी १०-१५ अंश डावी-उजवीकडे हलकी वळणं घ्या. उतरतानाही तेच.

स्टॉल, स्टीप टर्न किंवा स्पिनच्या सरावाआधी दोन ९० अंशांची वळणं घ्या, एकेका दिशेला. ही वळणं विद्यार्थी परीक्षकाला दाखवायला घेतात. पंख वाकवतात आणि बघतात मात्र बॉलकडे, म्हणजे वळण नीट आहे का ते दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या गोळीकडे. वळण बघण्यासाठी आहे. खाली विशेष लक्ष द्या, कारण स्टॉलनंतर तुम्ही तिकडेच जाणार.

ठळक खुणांवर सगळेच जमतात. बारामतीच्या विद्यार्थ्यांना उजनीचा जलाशय, बाकीच्यांना आपापली धरणं, रेल्वे जंक्शनं, साखर कारखान्याची धुराडी. नकाशावरची रेघ अशा खुणेच्या बरोबर डोक्यावरून न काढता मैलभर बाजूने काढा. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित आणि इतर पाणपक्ष्यांचे थवे असतात, ते वेगळंच.

क्रॉस-कंट्रीला उंची ठरवून उडा. चुंबकीय ट्रॅक ० ते १७९ असेल तर विषम हजार अधिक ५००, म्हणजे ३,५००, ५,५००. १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक ५००, म्हणजे ४,५००, ६,५००. २,९०० वगैरे ‘सोयीच्या’ उंचीवर रेंगाळू नका.

धुरक्यात विमान असतं त्याहून लांब वाटतं. ऊसतोडणीच्या दिवसांत पाचट जाळल्याने हा थर आणखी दाट होतो. शक्य असेल तर थराच्या वर उडा. तो हलत नसलेला फिकट ठिपका ‘लांब आहे’ असं म्हणून सोडू नका. आणि सूर्याच्या बाजूने येणारा तुम्हाला दिसत नसला तरी तुम्ही त्याला दिसता, म्हणून दिवे चालू ठेवा.

## टप्पा ८: स्क्रीन आणि रडार

टॅब्लेटवर एडीएस-बीची (विमानाने स्वतःची जागा प्रसारित करण्याच्या यंत्रणेची) खूण दिसली की बाहेर त्या दिशेला बघा. खूण नसली म्हणून आकाश रिकामं नसतं. ट्रान्सपाँडर बंद असलेलं विमान, ग्लायडर, पॅराग्लायडर, ड्रोन, घार, यांतलं काहीच बहुधा तिथे येणार नाही.

कंट्रोलरने ‘ट्रॅफिक, ट्वेल्व्ह ओ’क्लॉक’ सांगितलं तर एक बारकावा आहे. त्याच्या रडारवर तुमच्या नाकाची दिशा दिसत नाही, जमिनीवरचा मार्ग दिसतो. उजवीकडून जोरदार वारा असेल तर तुमचं नाक मार्गाच्या उजवीकडे वळलेलं असतं, म्हणजे त्याचे बारा वाजता तुमच्या नाकाच्या डावीकडे. तिकडेही शोधा.

पुढे टीकॅस असलेल्या विमानावर गेलात की रिझोल्यूशन ॲडव्हायझरी (‘चढ’ किंवा ‘उतर’ हा सल्ला) आल्यावर एटीसीची, म्हणजे कंट्रोलरची, सूचना उलटी असली तरी टीकॅसचं ऐकायचं. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या यूबरलिंगनवर एका विमानाने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसचं. दोन्ही उतरत गेली आणि ७१ माणसं गेली.

रात्रीच्या उड्डाणापुरतं एवढंच. अंधाराला डोळे सरावायला सुमारे ३० मिनिटं लागतात. दिव्याकडे थेट बघण्यापेक्षा किंचित बाजूला बघितलं तर तो लवकर दिसतो. दुसऱ्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. तुमच्या उजवीकडे लाल दिवा जागचा हलत नसेल तर ते तुमचा मार्ग छेदतंय आणि वाट तुम्हाला द्यायची आहे. लाल-हिरवा दोन्ही दिसत असतील तर ते समोरून येतंय.

## टप्पा ९: अगदी जवळून गेलं तर

आधी विमान उडवा. वेग, उंची, हेडिंग ठीक करा आणि स्कॅन पूर्ण करा. हात थरथरत असतील तर सराव तिथेच थांबवून परत या, पण सर्किटमध्ये घाईने घुसू नका. आत्ताच एक विमान चुकवलेला वैमानिक मनाने अजून त्याच्याकडेच बघत असतो.

टॉवर किंवा ॲप्रोच असेल तर रेडिओवरच ‘एअरप्रॉक्स’ (विमानं धोकादायक जवळ आल्याची घटना) म्हणून कळवा. नसेल तर उतरल्यावर लगेच शाळेच्या सेफ्टी अधिकाऱ्याला सांगा. दुसऱ्या विमानाचा वैमानिक तुमचा मित्र निघाला तरी सांगायचं. कोणाची चूक हे अहवालात लिहायची गरज नाही. लिहायचं ते हे: वेळ, जागा, तुमची उंची आणि सबस्केलवरचा क्यूएनएच, हेडिंग, वेग, दुसरं विमान पहिल्यांदा कुठे दिसलं आणि अंदाजे किती अंतरावर, कोण कुठे वळलं, सूर्य कुठल्या बाजूला होता, दिवे आणि ट्रान्सपाँडर चालू होते का, आणि त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात तुमचे डोळे कुठे होते.